निघालेच होते

सहाला दहा मिनिटं उरली, तरी तांबट गल्लीतला रस्ता ढिम्म हलेना. लोक गप्पांना थांबले, की संध्याकाळी सहाला तो आपणहून दगडी कट्टे वर काढायचा आणि गाड्या मागच्या गल्लीने पाठवायचा. महिनाभर कुणी थांबलंच नव्हतं. आजही कट्टे आले नाहीत, तर गल्ली कायमची गाड्यांची होणार होती.

म्हणून शालनताईंनी सगळ्यांना बोलावून रस्त्यात उभं केलं होतं. पण माणसं रेशनच्या रांगेतल्यासारखी गप्प! रस्ता असल्या नाटकाला थोडाच फसतोय?

"मरू दे मेला रस्ता," शालनताई वैतागल्या. "जा घरी सगळे."

"निघते हं, ताई." शेजारच्या मुमताजभाभी चार पावलं गेल्या आणि वळल्या. "अहो, सुनेच्या नोकरीचं काय झालं?"

"अगं बाई, सांगायचंच राहिलं!"

ते ऐकायला आणखी दोघी वळल्या. निघालेला जो तो कुणाशी तरी बोलत थांबला. हसण्याखिदळण्यात सहा कधी वाजले, कळलंच नाही. शालनताईंच्या पायाशी दगडी कट्टा अलगद वर आला.

"बसा ना भाभी!"

"छे, बसत नाही. निघालेच होते," म्हणत मुमताजभाभींनी कट्ट्यावर ऐसपैस मांडी घातली.