बिनदाराचं घर

शनिशिंगणापुरातल्या इतर घरांसारखीच शालनबाईंच्या घरालाही नुसती चौकट होती, दार नव्हतं. श्रीरामपूरहून आलेल्या कॉम्प्युटरच्या मेकॅनिकला त्याचंच हसू येत होतं.

"बाई, घराला दार न्हाई म्हटल्यावर व्हायरस शिरणारच की! सत्तावन्न फायलींना लागण झालीय. समदं पुसावं लागंल."

समदं म्हणजे, बाईंनी तीन वर्षं दर महिन्याला दोर सोडून मोजलेलं आणि कॉम्प्युटरात नोंदवलेलं पंचक्रोशीतल्या विहिरींचं पाणी.

बाईंनी चष्मा लावला आणि पडद्यावरची यादी वर्गात हजेरी घ्यावी तशी एकेक नाव करून वाचली. मग टेबलावरची वही उघडली.

"यात माझी एकही विहीर नाही. लागण झालीय ती नुसत्या प्रोग्रामांना, ते पुन्हा घालता येतात. आता हे ऐका. रोज सकाळी मी तपासणी करून लागण झालेल्या फायलींचा आकडा लिहिते. तुम्ही प्रिंटर जोडायला यायच्या आधी शून्य होता. तुम्ही गेलात, बारा झाला. दुसऱ्यांदा येऊन गेलात, एकतीस. मधले आठ दिवस तो जागचा हलला नाही. आज तुम्ही आलात आणि सत्तावन्न! तुमची ती फ्लॉपी द्या बघू इकडे."

मेकॅनिकचा हात खिशावर गेला आणि तिथेच थबकला. बाईंनी फ्लॉपी काढून घेतली, मशीनमध्ये सरकवली आणि तपासणी लावली. पहिलीच ओळ लाल उमटली.

"आमच्या घराला दार नाही," बाई म्हणाल्या, "म्हणूनच कोण कधी येऊन गेलं, ते आम्ही ध्यानात ठेवतो."