बटाट्यांऐवजी कांदे

"सर, माणूस बोलताना अडखळला तर घड्याळ थांबवता का हो?"

मैत्रिणींनी पैज लावली होती. एवढी तोंडाळ आहेस ना, मग विचारून दाखव त्या सूत्रसंचालकाला! तिनं दाखवलं. भरलेल्या स्टुडिओत, उभी राहून, खणखणीत आवाजात. मागच्या रांगेत तिघी एकमेकींना चिमटे काढत होत्या.

चित्रीकरण सुरू व्हायला पाच मिनिटं होती. सूत्रसंचालक गालांना पावडर लावून घेत होता. तो हसला.

"घड्याळाला कान नसतात, बाळ. पण विचारतेस कुणासाठी?"

"माझ्या बाबांसाठी!" तिनं बोट दाखवलं.

सगळ्या माना वळल्या. समोर, दिव्यांखालच्या उंच खुर्चीत बसलेले बाबा स्वतःच्या बुटांकडे पाहू लागले. आईनं हात ओढून तिला खाली बसवलं. "जिभेला काही हाड?"

बाबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे. जगाच्या चुका लाल पेनानं दुरुस्त करायचे. त्यांना माहीत नाही असं काही नव्हतं, फक्त ते तोंडातून बाहेर पडायला वेळ लागायचा. या कार्यक्रमाच्या लेखी परीक्षेत ते पहिले आले होते. छापखाना महिनाअखेरीला बंद होणार होता.

कार्यक्रमात प्रश्न सोपे असायचे. खेळ घड्याळाचा होता. एकच प्रश्न, बारा सेकंद. दर सेकंदाला बक्षिसाचा बारावा हिस्सा गळायचा. उत्तर चुकलं तर सगळंच गेलं. पूर्ण बक्षीस म्हणजे बाबांचा वर्षाचा पगार, त्यामुळे आईनं घरी सोपं करून सांगितलं होतं, एक सेकंद म्हणजे एक महिना.

"सूर्याच्या सर्वांत जवळचा ग्रह कोणता?"

"सुटलो गं बाई," आई पुटपुटली.

घड्याळ सुरू झालं. बाबांचे ओठ मिटले. मिटलेलेच राहिले. मानेची शीर फुगली. अकरा महिने. दहा. नऊ. पुढच्या रांगेतला माणूस शेजाऱ्याला कोपरानं ढोसत कुजबुजला, "हाच तो." कॅमेरा बाबांच्या तोंडाजवळ सरकला. घरी असती तर एव्हाना तिनंच शब्द पुरा केला असता. नेहमी करायची. आता दोन्ही हातांनी तिनं स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं.

तीन महिने उरले असताना बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांचे ओठ उघडले.

"शुक्र," ते म्हणाले. एका दमात, स्वच्छ.

भोंगा वाजला.

बाहेर, स्टुडिओच्या जिन्यात, मैत्रिणी तिच्या हातात चॉकलेट कोंबून पळाल्या. "पैज जिंकलीस गं!"

आई दोन पायऱ्या पुढे होती. "अहो, बुध! दुसरीतलं पोर सांगेल. एवढा वेळ गप्प बसलात आणि शेवटी काय, तर शुक्र?"

"आठवलंच नाही," बाबा म्हणाले.

तिनं दोन्ही शब्द मनातल्या मनात म्हणून पाहिले. बुध म्हणायचं तर आधी ओठ मिटावे लागत होते. शुक्र उघड्या ओठांनी निघत होता.

मग तिला कांदे आठवले. बटाटे आणायला धाडलं की बाबा कांदे घेऊन यायचे. दर वेळी. "ध्यान कुठे असतं हो तुमचं?" आई म्हणायची, आणि तिघंही हसायची. बाबा सगळ्यांत मोठ्यानं.

आणि शाळेच्या दाखल्यावरचं तिचं नाव, आत्यानं हौसेनं ठेवलेलं, तेही त्याच अक्षरानं सुरू व्हायचं. बाबा तिला जन्मापासून चिऊ म्हणत आले होते. तिला वाटायचं, लाडानं.

"चल, चिऊ," बाबा म्हणाले.

"चला लवकर, बस सुटेल," आई खालून ओरडली.

ती पायरीवरून हलली नाही. चॉकलेट मुठीत मऊ झालं होतं.

"आजपासून मला माझ्या नावानं हाक मारायची," ती म्हणाली. "पूर्ण नावानं. आई, तू मध्ये बोलायचं नाहीस. मीही बोलणार नाही. बस गेली तर जाऊ दे. मी इथेच थांबते."