मागचा हात

तानाबाई पुन्हा कलल्या आणि प्रसेनजीतनं मागून त्यांचे दोन्ही दंड पकडले.

“आरं, सोड की,” त्या लेकावर वैतागल्या. “मी काय मडकं हाय व्हय?”

राजारामपुरीतल्या त्या दवाखान्यात फरशीवर एक पिवळी पट्टी चिकटवली होती. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवत तिच्यावरून सरळ जायचं, टोकाला वळायचं आणि परत यायचं. तोल सावरायचे व्यायाम शिकवणारी मनाली समोर उभी राहून बघत होती. हे जमलं तर तानाबाई यंदा आंबेडकर जयंतीला बिंदू चौकात आपल्या पायानं जाणार होत्या. नाही जमलं तर गेल्या खेपेसारखी गॅलरीतूनच मिरवणूक बघायची. मायलेकांत तसं ठरलं होतं.

वर्षापूर्वी न्हाणीत पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. त्या वेळी प्रसेनजीत खाली गाडी धूत होता. आईची हाक त्याला लवकर ऐकू आलीच नाही. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण तेव्हापासून तो आईची पाठ सोडेना. घरातल्या सगळ्या सतरंज्या अन् पायपुसणी त्यानं माळ्यावर टाकली. न्हाणीची कडी काढली. आईला कुठंही आधार सापडावा म्हणून घरभर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. येणाऱ्या पावण्यांना वाटायचं, घरात साखरपुडाच हाय.

तानाबाई मात्र व्यायामाला चिकटल्या होत्या. स्वयंपाकाचा ओटा धरून त्या एका पायावर उभ्या राहायच्या आणि ओट्यावरचं एकेक बोट सोडून बघायच्या. दूध उतू गेलं तरी पाय खाली टेकायच्या नाहीत. तरी इथं पट्टीवर आलं की दरवेळी तोल जायचा.

मनालीनं आणखी एक फेरी बघितली. मग ती म्हणाली, “दादा, तुम्ही जरा बाहेर बसा.”

“आणि पडली तर?”

“बसा तर खरं.”

तो गेला. मनालीनं दार लोटलं.

तानाबाई पट्टीवर उभ्या राहिल्या. मागं कुणाचा श्वास नव्हता. त्यांची पाठ आपसूक सैल झाली. टाच, अंगठा. टाच, अंगठा. टोकाला त्या वळल्या, परत आल्या. पाऊल एकदाही पट्टीबाहेर गेलं नाही.

“आत्ताच कसं बरं जमलं?” त्यांनी नवलानं विचारलं.

“आजी, ते पकडणार म्हणून तुम्ही मागं रेलत होता,” मनाली हसली. “आणि त्यांनी पकडलं की खरंच तोल जात होता.”

तानाबाईंनी दार उघडलं आणि त्या एकट्याच बाहेर आल्या. प्रसेनजीत बाकावर बसलाच नव्हता. भिंतीला टेकून उभा होता. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

“जमलं?”

“जमलं. आता जायाचं जयंतीला.”

दवाखान्याच्या पायऱ्यांशी त्याचा हात सवयीनं पुढं आला. मागून मनाली “अंहं” म्हणाली, तसा त्यानं तो घाईनं खाली घेतला. तानाबाई एकट्याच एक पायरी उतरल्या. वळून बघतात तर लेक वरच्या पायरीवर खिळलेला, आणि त्याचा तो हात कठड्याला गच्च धरून होता.

त्यांनी तो आपल्या हातात घेतला.

“उतर दमानं,” त्या म्हणाल्या. “भिऊ नगंस, मी हाय की.”