उशाची घंटी

अंथरुणाला खिळलेले तिचे वडील उशाची घंटी वाजवत, की तिला हातातलं शिवण टाकून उठावं लागे. म्हणून ती त्यांच्या दुधात झोप आणणारं जटामांसीचं चूर्ण जरा जास्तच घालू लागली. ‘झाडपाल्याचंच तर आहे,’ असं मनाला समजावत ती कप द्यायची, पण त्यांच्याकडे बघायची नाही.

आज दुपारी अप्पा गाढ झोपले आणि तरीही घंटी वाजली. ती धावत गेली. अप्पांचे दोन्ही हात चादरीत होते.

तिने घंटी शिलाई मशीनच्या खणात कोंबली. शरमेने तिथेच डोकं टेकलं, तसा डोळा लागला.

जाग आली तेव्हा घंटी तिच्याच हातात होती आणि हात वाजवायचा थांबत नव्हता.

दारात अप्पा उभे होते, दुधाचा कप घेऊन.

“किती वाजवतेस गं! घे, झाडपाल्याचंच आहे,” ते तिच्याकडे न बघता म्हणाले.