झुंबरबाईची तब्येत

"तब्येत कशी काय बाईची?" ओट्यावर टेकत संपतनं फॉर्म काढला.

"बरी हाय की," कडूबा म्हणाला आणि तंबाखू मळत राह्यला.

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर बरा होऊन पुन्हा उलटलेल्या बायांवर शहरातल्या दवाखान्यात चाचणी चालली होती. नेहमीच्या औषधाला दुसऱ्याची जोड देऊन बघायची. घरी गेलेल्या बायांची खबर आणायचं काम संपतचं. कडूबाची बायको झुंबरबाई दोन्ही औषधांचे सहा डोस घेऊन चार महिन्यांमागं इथं तीर्थपुरीला परतली होती. तेव्हा नुसती हाडं उरली होती बिचारीची.

आज मात्र संपतचं फॉर्मात चित्त नव्हतं. त्याच्या बायकोचं, पुष्पाबाईचं, असलंच दुखणं उलटलं होतं. "दोन्ही औषधं द्यायची तर दुपारच्या आत कळवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "कुणाकुणाच्या मूत्रपिंडांना झेपत नाहीत." झुंबरबाईला डोळ्यांनी बघायचं आणि मगच ठरवायचं, असं मनाशी पक्कं करून तो निघाला होता.

तेवढ्यात डोक्यावर दोन हंडे, कमरेला कळशी घेऊन ती अंगणात आली. पदर नाकापर्यंत. परका माणूस बघून तिनं पाठ फिरवली आणि ताठ मानेनं आत गेली. अरे देवा! संपतचे डोळे भरून आले.

"दुखतंखुपतं का काही?"

"बिलकुल न्हाई. दोन्ही टायमाला जेवती, कापूस येचती." कडूबानं नजर वर केली नाही. "सायेब, दवाखान्यातल्या त्या मंजुरीच्या कागदावर अंगठा म्याच दिल्ता. काही इचारणा तर व्हायची न्हाई ना?"

"आता कसली इचारणा, बाबा!"

संपत समोरच्या एसटीडी बूथवर धावला. "माझ्या पुष्पाला दोन्ही चालू करा," तो फोनवर ओरडलाच.

"तयारीच आहे. लावते सलाईन," नर्स म्हणाली.

परत आला तर कडूबा म्हणाला, "च्या घिऊनच जा." दूध आणून चहा व्हायला चांगला अर्धा तास गेला. संपत निवांत बसला. किती महिन्यांनी त्याचा जीव भांड्यात पडला होता.

कपबशी ठेवायला ती वाकली तसा पदर ढळला. वीस-बावीसची पोर होती. मंगळसूत्राशेजारी चांदीचा नवाकोरा टाक लोंबत होता, दुसरेपणावर आलेल्या बायकोच्या गळ्यात मेलेल्या सवतीच्या नावानं घालतात तो.