चौथा सेट

गाडीत रोजच्या वापरासाठी कोणता हॅम रेडिओ बसवायचा, हे ठरवायला नवऱ्याने अख्खी दुपार घालवली. दुकानदार डॅशबोर्डवर एकेक सेट जोडून देत होता आणि शेजारच्या सीटवर माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. कारण प्रत्येक सेटवर नवऱ्याला तीच बाई उत्तर देत होती, तेही लाडात.

"जेवलास का रे?" चौथ्या सेटवर तिने विचारलं.

"आवाज भारीच स्पष्ट येतोय हो," मी टोमणा मारला.

दुकानदार गोंधळला. "कसा येईल, वहिनी? अँटेना अजून लावलीच नाही."

मी नवऱ्याच्या हातातला माइक हिसकावून बटण दाबलं. "कोण गं तू?"

"मी त्याची बायको," ती म्हणाली. "तुम्ही कोण?"

नवराही माझ्याकडे वळला आणि उत्तराची वाट बघू लागला.