कोणी न सोडवलेले कोळी

राया काकूंनी पोस्टाच्या खिडकीतून तीन खोकी पुढे सरकवली आणि पावती फाडली. तिन्ही खोक्यांवर यानिनाचंच अक्षर होतं. कुठल्या कुठल्या गावच्या पोस्टात महिनाभर पडून राहून, कोणी सोडवली नाहीत म्हणून ती माघारी आली होती. नव्या नियमाप्रमाणे जाण्याचं भाडं धाडणाऱ्याने भरायचं, परतीचं धाडणाऱ्याने, आणि पडून राहिल्याचा आकारही धाडणाऱ्यानेच. मागवणारा नामानिराळा.

ती घेतलीच नाहीत तर चालेल का, असं यानिनाने विचारून पाहिलं. तरी पैसे चढतच राहतील, असं राया काकू म्हणाल्या. आधी पैसे घे आणि मग पाठव, असा सल्लाही त्यांनी दिला. यानिना कसनुसं हसली. तिचं दुकान फोनवरचं, आणि आधी पैसे मागणाऱ्या अशा दुकानाकडे या मुलखात कोणी ढुंकूनही बघत नाही.

तिथेच तिने एक खोकं उघडलं. धान्याच्या वाळक्या काडांचा विणलेला, झुंबरासारखा टांगायचा कोळी होता तो. जेवणाच्या टेबलावर टांगला की घरातली भांडणं तो ओढून घेतो म्हणतात. जाऊन येऊन त्याचे पाय मोडले होते आणि तळाशी नुसता भुसा साठला होता.

"ज्यांनी मागवले ना, त्यांचे हात झडोत," ती म्हणाली.

राया काकूंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. असे शाप त्या खिडकीत रोज जमा होत. शापांना तेवढी फी नव्हती.

हिवाळी बुटांसाठी बाजूला काढलेले रूबल तिने खिडकीत मोजून दिले. मग समोरच्या बस कचेरीत जाऊन रविवारचं पोलंडचं तिकीट काढलं. तिकडे अळंबी डब्यांत भरण्याच्या कारखान्यात बायका हव्या होत्या. आता वडिलांना सांगायचं तेवढं उरलं होतं.

तिचे वडील कझिमीर गावाबाहेरच्या घरात एकटेच राहत. काड त्यांच्याच शेतातलं. यंत्राने कापलं तर ते चेपतं, म्हणून म्हातारा अजून विळ्याने कापायचा आणि बोटं कापून घ्यायचा. मागच्या शरद ऋतूत मागण्या वाढल्या, तेव्हा यानिनाने बालवाडीच्या स्वयंपाकघरातली नोकरी सोडली होती. प्रत्येक मागणी ती त्यांना फोनवर सांगायची. परत येणाऱ्या पार्सलांचं नाव मात्र तिने कधी काढलं नाही. म्हाताऱ्याच्या जिवाला घोर नको.

त्यांनी तिच्यासाठी बटाट्याची धिरडी केली होती, वर आंबट साय. ती खाता खाताच तिने एका दमात सांगून टाकलं: दुकान चालत नाही, रविवारी जाते, वर्षभराने येईन.

कझिमीरनी काटा खाली ठेवला. मागण्या तर येतात की, एवढंच ते पुटपुटले. मग नव्या काडाची जुडी आणतो म्हणून आतल्या खोलीत गेले.

ते बराच वेळ आलेच नाहीत. यानिनाचा फोन वाजला. लगेच दुसऱ्यांदा वाजला. दोन मागण्या, दोन्ही सगळ्यात मोठ्या कोळ्यांच्या, दोन वेगळ्या गावांतून, दोन वेगळ्या नावांनी: एक अन्तोन ह्रिंको, दुसरा कोणी वात्स्लाव.

कझिमीर जुडी घेऊन बाहेर आले. नाकावर चष्मा होता. काड उचलायला त्यांना चष्मा लागत नसे. खिशातून तो जुना फोन डोकावत होता. तिनेच तो त्यांना दिला होता, आणि दुकान उघडून बघायलाही तिनेच शिकवलं होतं.

"आली का गं एखादी मागणी?" त्यांनी छताकडे बघत विचारलं.

"बाबा, हा अन्तोन ह्रिंको कोण?"

चोरी पकडलेल्या पोरासारखे म्हातारे लाजले. पलटणीतला आपला दोस्त, म्हणाले. दुसरा, तो वात्स्लाव, तोही पलटणीतलाच. बहुतेक सगळे वर गेलेत, नाव वापरलं म्हणून भांडायला कोण येतंय?

"पहिल्यांदा त्यांच्या नावाने मागवलं, तेव्हा तू फोनवर गाणं म्हणायला लागलीस," ते सांगू लागले. "आई गेल्यापासून तू गायली नव्हतीस, यान्का. मग मी म्हटलं, माझं काय जातंय? कोणी सोडवलं नाही की पोस्ट फुकटात परत आणून देतं. आमच्या वेळेपासून तसंच आहे. तुझी वस्तू तुझ्याकडे, वर पोरगी खूश."

यानिना मनातल्या मनात हिवाळ्याच्या मागण्या आठवू लागली. सगळी पलटण वजा केली, तर दुकानात उरत होती एक शाळेतली बाई आणि मिन्स्कचा एक खानावळवाला. परतीचे पैसे आपणच भरतो हे सांगावं, तर मागण्या थांबणार, म्हणजे दुकान कधी नव्हतंच. न सांगावं तर पोस्टाच्या खिडकीत पैसे मोजणं होतंच. तिला मोठमोठ्याने रडावंसं वाटत होतं.

"आता दोन मोठे आलेत. मग थांबतेस ना?" कझिमीरनी विचारलं आणि जुडी तिच्यापुढे धरली. त्यांच्या बोटांवर विळ्याचे जुने-नवे व्रण होते.

सकाळी पोस्टाच्या खिडकीत आपण काय बोललो, ते यानिनाला आठवलं. तिने पुढे होऊन ते दोन्ही हात घट्ट धरले, सोडले तर झडून जातील अशा भीतीने.